ठोकळे, याने आणि कोकणातलं घर: मुलांसोबत विज्ञानकथा बांधायची कशी

एकमेकांत बसणाऱ्या, लेगोसारख्या ठोकळ्यांचा खोका मुलाच्या हातात देऊन आपण मोबाईल घेऊन बसलो, की थोड्याच दिवसांत तो खोका पलंगाखाली जातो. विज्ञानकथेचं पुस्तक "वाच, छान आहे" म्हणून नुसतं पुढे केलं, तर तेही कपाटात तसंच राहतं. हे दोन छंद मुलांपर्यंत पोचवायचे असतील तर ते एकमेकांत गुंतवावे लागतात आणि आपल्यालाही मांडी ठोकून त्यात बसावं लागतं. गोष्टीने प्रश्न विचारायचा, ठोकळ्यांनी उत्तर बांधून बघायचं. बांधलेलं कोसळलं की गोष्ट पुढे सरकते. आमच्या घरी हे असंच चालतं आणि मला स्वतःला त्याचा मुलांइतकाच नाद आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या घरांचा, इथल्या पावसाचा आणि दमट हवेचा विचार करून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

वयाचा हिशोब आधी

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लहान ठोकळे द्यायचे नाहीत. घशात अडकण्याचा धोका खरा आहे. घरात रांगतं बाळ असेल तर मोठ्या भावंडाचा खेळ जमिनीवर न मांडता टेबलावर मांडावा. लहानग्यांसाठी लेगोचे ड्युप्लो ठोकळे मिळतात. ते नेहमीच्या ठोकळ्याच्या लांबी-रुंदी-उंचीत दुप्पट असतात आणि लहान ठोकळे त्यांच्यावर बसतात, म्हणजे पुढे वाया जात नाहीत.

चार ते सहा या वयात बांधकाम लहान आणि गोष्ट तोंडी. सात ते दहा हा खरा बहराचा काळ, या लेखातलं बरंचसं त्याच वयासाठी आहे. अकराच्या पुढे मुलांना आपली मदत नको असते, साथ हवी असते. तिथे वेगळं वागावं लागतं, त्याविषयी शेवटाकडे.

काय घ्यावं

सुरुवातीला एखाद्या सिनेमातल्या यानाचा महागडा संच घेऊ नका. तो पुस्तिकेप्रमाणे एकदा जोडला की मुलाला मोडावासा वाटत नाही, आणि मोडला नाही तर खेळ तिथेच संपतो. त्याऐवजी मिश्र ठोकळ्यांचा खोका घ्या. त्यात २×४ आणि २×२ चे (म्हणजे वर तितकी बटणं, गोल उंचवटे, असलेले) ठोकळे भरपूर हवेत, पातळ पट्ट्या हव्यात, चाकं आणि आस हवेत, बिजागरीचे तुकडे हवेत, काही पारदर्शक तुकडे (काचेच्या खिडक्या, दिवे, इंजिनाच्या ज्वाळा यांना लागतात) आणि तीन-चार माणसं. एक मोठी तळपाटी वेगळी घ्यावी लागते, ती घ्याच. तिच्यामुळे अर्धवट बांधकाम उचलून ठेवता येतं, आणि जेवायची पानं मांडताना घरात वाद होत नाहीत.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे, ती वापरा. गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईहून येणारे काका, आत्या, मावशी मुलांना काहीतरी आणतातच. त्यांना महिनाभर आधी फोन करून नेमकं सांगा: "चाकं असलेला संच आणा" किंवा "फक्त तळपाटी आणा". दोन-तीन वर्षांत चांगला साठा होतो आणि त्यातला प्रत्येक तुकडा उपयोगी पडतो.

ठोकळे लेगोचेच हवेत असं नाही. त्याच मापाचे इतर कंपन्यांचेही मिळतात. घेताना दोन गोष्टी बघा. एक, आयएसआय चिन्ह. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. जत्रेतल्या उघड्या पिशवीत बहुधा ते नसतं. दोन, पकड. सहा ठोकळे एकावर एक लावा, वरचा धरून हलकेच झटका द्या. खालचे गळून पडले तर त्या ठोकळ्यांचा पूल होणार नाही आणि मूल स्वतःलाच दोष देत बसेल. उलट इतके घट्ट असतील की दाताने सोडवावे लागतात, तर तेही नकोत. ठोकळे सोडवायची चपटी पट्टी मिळते. ती घरात असावी आणि दात लावायचा नाही हा नियम पहिल्या दिवसापासून असावा.

थोडक्या ठोकळ्यांत काय होणार, असं वाटत असेल तर एक आकडा सांगते. २×४ चे एकाच रंगाचे फक्त दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. सहा घेतले तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे. दोन ठोकळ्यांचे २४ प्रकार मुलाला स्वतः शोधायला लावा. आठ वर्षांच्या मुलाची एक संध्याकाळ त्यात छान जाते.

पावसाळा, बुरशी आणि साठवण

हे ठोकळे एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. त्याला दमटपणा फारसा बाधत नाही. बाधतो तो ठोकळ्यांसोबतच्या बाकीच्या गोष्टींना. जोडणीच्या पुस्तिकांना जुलैत बुरशी येते, चिकटचित्रं सुटतात, मोटार असेल तर खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर चढतो. म्हणून पुस्तिका आल्या दिवशीच मोबाईलवर पानापानाचे फोटो काढून ठेवा. लेगोच्या पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण वादळात रेंज जाते, तेव्हा आधीच उतरवून ठेवलेलं बरं. मोटारीतल्या बॅटऱ्या खेळून झाल्यावर काढून ठेवायच्या. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या लहान मुलाच्या हाती कधीच लागता कामा नयेत. गिळल्या तर तासाभरात आतून इजा होऊ लागते.

साठवायला घट्ट झाकणाचे डबे लागतात. झाकण सैल असलं की मुंग्या शिरतात, कारण खाऊचे हात ठोकळ्यांना लागलेले असतात. रंगाप्रमाणे वर्गवारी दिसायला सुंदर दिसते, पण बांधताना गैरसोयीची. लाल ढिगात लाल पट्टी शोधणं अवघड, मिश्र रंगांच्या पट्ट्यांत लाल पट्टी पटकन सापडते. म्हणून प्रकाराप्रमाणे डबे करा: ठोकळे, पट्ट्या, चाकं-आस, बारीकसारीक. चार डबे पुरतात. खेळ मांडायला आंब्याच्या पेटीचं मोठं झाकण किंवा जुनी चादर घ्या. खेळ संपला की चारी टोकं धरून चादर उचलायची, पडवीत एकही तुकडा राहत नाही.

वर्षातून एकदा धुवायचे असतील तर मे महिन्यात किंवा ऑक्टोबरात. पाणी कोमट, ४० अंशांपेक्षा गरम नको, साधा सौम्य साबण आणि जाळीची पिशवी. वाळवायचे सावलीत, पंख्याखाली. उन्हात टाकले तर पांढरे आणि निळे ठोकळे पिवळट पडतात. मोटार, दिवे वगैरे पाण्यात घालू नका, हे वेगळं सांगायला नको.

आणि ठोकळे किनाऱ्यावर नेऊ नका. मुलं हट्ट धरतात, वाळूत किल्ला आणि वर ठोकळ्यांचा बुरूज, कल्पना सुंदर आहे. पण वाळूने ठोकळ्यांवर चरे पडतात आणि एक लाट आली की तुकडे गेले. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ टोकियो एक्स्प्रेस या जहाजावरचे कंटेनर समुद्रात पडले. त्यातल्या एकात लेगोचे सुमारे ४८ लाख तुकडे होते. ते अजून किनाऱ्याला लागत आहेत. असा एक ठोकळा समुद्रात विरायला शंभर ते तेराशे वर्षं लागू शकतात, असा अंदाज प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडला. आमच्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा थोरलीने विचारलं, "म्हणजे तेराशे वर्षांनी कुणाला तरी तो सापडेल?" त्या प्रश्नावर तिने गोष्ट रचली.

पहिला धडा: सांधेमोड

नवशिकं मूल ठोकळ्यावर ठोकळा सरळ ठेवत जातं आणि भिंत उभ्या रेषेत चिरफाळते. हे शिकवायला कोकणासारखी शाळा नाही. गावात कुठेतरी चिऱ्यांचं बांधकाम चालू असतंच. मुलाला तिथे घेऊन जा आणि गवंडी दुसरा थर कसा लावतो ते पाहू द्या. खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर वरच्या चिऱ्याचा मध्य येतो. याला सांधेमोड म्हणतात. घरी येऊन दोन भिंती बांधायच्या, एक सांधे मोडून आणि एक न मोडता, आणि दोन्हींना बोटाने ढकलायचं. माझे सासरे शेजारी बसून एवढंच म्हणाले होते, "खालचो चिरो सरळ बसलो नाय तर वरचो खयसून बसतलो?" पुढे मला समजावायला काही उरलं नाही.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना या खेळात असंच खरं काम द्या. ज्याने स्वतःचं घर उभं राहताना पाहिलं आहे, होडी दुरुस्त केली आहे, विहिरीवर रहाट बसवला आहे, त्याला जोड कुठे कच्चा राहिला हे लांबून दिसतं.

यानंतर मापं. दोन शेजारच्या बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्यांचा एक ठोकळा. आणि पाच ठोकळ्यांची उंची बरोबर सहा बटणांच्या लांबीइतकी, ४८ मिलिमीटर. शेवटचं माप मुलांना गंमत म्हणून सांगा. भिंत आडवी पाडून दुसऱ्या भिंतीत बसवायची, यानाला पंख लावायचे, तिथे ते कामी येतं. १९५८ मध्ये पेटंटसाठी नोंदवलेल्या रचनेचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांवर बसतात ते या काटेकोरपणामुळे.

गोष्टी कुठून आणायच्या

लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवण्याआधी सांगा. आणि सांगण्याची रीत घरातच आहे. आपल्याकडची आजी भुताची गोष्ट सांगते तेव्हा "एकदा एका गावात" असं म्हणत नाही. ती म्हणते, वहाळाच्या पलीकडे ती चिंच आहे ना, तिथे, अमावस्येला, तुझे पणजोबा बाजारातून येत होते. जागा ओळखीची, माणूस ओळखीचा, वेळ ठरलेली. म्हणून अंगावर काटा येतो. विज्ञानकथाही अशीच सुरू करा. परग्रहावरचं यान न्यूयॉर्कला कशाला उतरवायचं? ते आपल्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या माळावर), करवंदीच्या जाळीमागे उतरू द्या. देवचार, राखणदार यांच्या गोष्टी मात्र आजीकडेच राहू द्याव्यात, त्यांना विज्ञानाचा मुलामा देऊ नये. आपण फक्त सांगण्याची कला उचलायची आणि एक नियम पाळायचा: आपल्या गोष्टीत जे काही नवल घडेल त्याला कारण असलं पाहिजे, आणि ते कारण दुसऱ्या वेळीही तसंच चाललं पाहिजे.

गोष्टीचं बी म्हणजे "असं झालं तर?" हा प्रश्न. किनाऱ्यावरच्या मुलांना सगळ्यात भिडणारा प्रश्न मी सांगते. चंद्र आज आहे त्याच्या निम्म्या अंतरावर आला तर? भरती-ओहोटी घडवणारा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. अंतर निम्मं झालं तर जोर आठपट. मग बंदरातलं पाणी कुठवर येईल? आपलं घर राहील का? शाळा कुठे भरवायची? मुलांनी खांबांवरची घरं बांधली, तरंगता बाजार बांधला, आणि भरतीचं वेळापत्रक सांगणारा एक मनोराही. कुणीही शिकवायला न बसता भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा का येते हेही त्यात बोलून झालं.

रात्री लाटांत दिसणारी निळसर चमक, पावसाच्या तोंडावर झाडं भरून लुकलुकणारे काजवे, हीसुद्धा उत्तम बियाणी आहेत. दोन्ही सजीवांचाच प्रकाश. असा प्रकाश माणसाच्या अंगातून निघाला तर लपंडाव कसा खेळणार?

वाचायला सुरुवात साधारण आठ-नऊ वर्षांपासून. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठीत आणल्या, त्यांनी आरंभ करा. मोठ्याने वाचा, एका वेळी एक प्रकरण, आणि ऐन रंगात आलं की थांबा. व्हर्नच्या पाणबुडीचा कप्तान नेमो हा मुळात बुंदेलखंडातला भारतीय राजपुत्र आहे, हे तो नंतरच्या एका कादंबरीत उघड करतो. हे मुलांना आधी सांगू नका, पाणबुडी बांधून झाल्यावर सांगा.

अकरा-बाराव्या वर्षी जयंत नारळीकरांच्या लघुकथा. त्यांची एक हकिकत लिहायला बिचकणाऱ्या मुलांना जरूर सांगा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी "नारायण विनायक जगताप" या नावाने कथा पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून केलेलं नाव. परीक्षकांनी नाव बघून नव्हे, गोष्ट बघून ठरवावं म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. आमच्या घरात तेव्हापासून टोपणनावांचा सुळसुळाट आहे.

सिनेमे दाखवावेत, पण गोष्टी ऐकायची सवय लागल्यावर. आधी सिनेमा पाहिला तर मूल पडद्यावरचं यानच बांधत बसतं.

एक मोहीम, पहिल्यापासून शेवटपर्यंत

पावसाचा शनिवार धरा. बाहेर पडता येत नाही, लाईटचा भरवसा नाही. मोहिमेला याहून चांगला दिवस नाही.

सुरुवातीला गोष्टीच्या तीन बाबी ठरवा, त्याहून जास्त नको. कोण गेलं, काय शोधायला गेलं, आणि काय बिघडलं. मंगळावर दोघी बहिणी गेल्या आहेत, पाणी शोधायला, आणि परतीचं इंजिन सुरू होत नाही. बस. संवाद लिहू नका. दशावतारात कथानक ठरलेलं असतं, पण बोलणं नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. मुलांना हे जन्मजात येतं.

मग बंधन घाला. तळ १६×१६ बटणांचा, साठच तुकडे, दोन माणसं आत मावली पाहिजेत, आणि आत शिरायला दोन दारं एकामागे एक हवीत. दोन का? बाहेर हवा फार विरळ. बाहेरचं दार उघडताना आतलं बंद नसेल तर घरातली सगळी हवा निघून जाईल. मधल्या कोठडीत हवा सोडायची, काढायची, मगच दुसरं दार. बिजागरीचे तुकडे इथे लागतात. बंधन घातल्याने मुलं हिरमुसतील असं वाटतं, प्रत्यक्षात उलट होतं. "काहीही बांधा" म्हटलं की ती नेहमीचंच घर बांधतात.

आपणही बांधायचं. मुलांचा तळ नीट करत बसायचं नाही. आपला वेगळा भाग घ्यायचा, समजा संदेश पाठवायची तबकडी, आणि तो मन लावून बांधायचा. मूल शिकतं ते आपली बोटं बघून. आपण एखादा जोड तीनदा सोडवून पुन्हा लावला तर तेही न सांगता तसं करू लागतं.

बांधून झालं की संदेशांचा खेळ. पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोचायला, ग्रह किती जवळ आहेत त्याप्रमाणे, सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. चंद्रावर सव्वा-दीड सेकंदात पोचतो. तेव्हा एकाने माडीवर बसायचं, तो मंगळ. दुसऱ्याने स्वयंपाकघरात, ती पृथ्वी. चिठ्ठी लिहायची, वाळूचं घड्याळ उलटं करायचं, तीन मिनिटांनीच पोचवायची. उत्तरालाही तीन. मंगळावरून चिठ्ठी येते, "टाकी गळते आहे, काय करू?" आणि पृथ्वीचं उत्तर पोचेपर्यंत सहा मिनिटं गेलेली असतात, तोवर मंगळावरच्या मुलाला स्वतःच काहीतरी करावं लागतं. मंगळावरच्या यंत्राला स्वतःचा निर्णय स्वतः का घ्यावा लागतो, हे आमच्या धाकट्याला इथे कळलं, तोवर कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं.

आता संकटं. आधी लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांतली एक उचलायची. सौरपट्ट्यांवर धूळ बसली. एक चाक निखळलं. कोठडीचं बाहेरचं दार बंद होत नाही. दुरुस्ती असलेल्या तुकड्यांतूनच, डब्यातून नवा काढायचा नाही. तबकडीतला एक तुकडा काढून दाराला लावला, तर मग संदेश कसा जाणार? अशी ओढाताण सुरू झाली की समजा मोहीम जमली.

शेवटी नोंदवही. चार ओळी पुरेत. लहान मुलाने सांगावं, आपण लिहावं, त्याच्याच शब्दांत. व्याकरण सुधारू नये. बांधकामाचा फोटो काढून मगच मोडायचं.

उघडीप मिळाली की सड्यावर

श्रावणात ऊन पडलं की बांधलेली गाडी घेऊन सड्यावर जा. इथे मात्र ठोकळे बाहेर न्यायला माझी हरकत नाही, फक्त तुकडे मोजून न्यायचे आणि मोजून आणायचे. मंगळ लाल दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि आपला जांभा लाल आहे तोही त्याच कारणाने. मूल उकिडवं बसून जांभ्यावर गाडी चालवतं तेव्हा हे सांगितलं, तर ते विसरत नाही.

गाडी सहा चाकांची करा. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, त्यातल्या २६ किलोच्या प्रज्ञान गाडीला सहा चाकं होती. प्रत्येक बाजूला एक मोठा दांडा, त्याच्या एका टोकाला एक चाक आणि दुसऱ्या टोकाला छोटा दांडा, ज्याला दोन चाकं. दोन्ही दांडे खुंटीवर झुलते ठेवायचे, स्प्रिंग नाही. एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमीन सोडत नाहीत. भोकं असलेल्या पट्ट्या आणि खुंट्या असतील तर दहा वर्षांचं मूल हे करू शकतं. आधी चार चाकांची ताठ गाडी त्याच खडकावरून नेऊन बघा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल.

राजापूर-रत्नागिरीकडे असाल तर कातळशिल्पं (सड्यावरच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रं) बघायला न्या. २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेले आहेत. तळपाटीवर एक बटण म्हणजे ६० सेंटिमीटर धरलं तर तो ३० बटणांत बसतो. देवाचे गोठणे इथे होकायंत्र घेऊन जा, तिथल्या कातळावर सुई भरकटते. रेषांवर पाय देऊ नये हे आधीच बजावा. इथे मुलं हमखास म्हणतात, हे परग्रहावरच्यांनी काढलं असणार. मी त्यांना थांबवते. याच मातीवर राहिलेल्या माणसांनी कठीण कातळात हे कोरलं. त्याचं श्रेय काढून आकाशातल्या कुणाला देणं मला पटत नाही. गोष्ट हवीच असेल तर उलटी रचा: त्या काळातला एखादा मुलगा आज आला, तर आपल्याला काय विचारेल?

विजयदुर्गात "साहेबाचे ओटे" दाखवतात, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण म्हणून. त्याच ग्रहणात जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून सूर्याच्या वर्णपटातली एक अनोळखी पिवळी रेघ टिपली. लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने ती पुढे ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली. ती हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं. आधी सूर्यावर, मग घरात, अशी ओळख झालेलं हे मूलद्रव्य. विज्ञानकथेला याहून जवळचं तीर्थ मला माहीत नाही.

मोजून बांधणं

मुलं मोठी होतात तसं प्रमाण शिकवा. ठोकळ्यांतला माणूस साधारण ४ सेंटिमीटर उंच असतो. तो पावणेदोन मीटरच्या माणसासाठी धरला तर प्रमाण एकास सुमारे चव्वेचाळीस येतं. रत्नागिरीजवळचा पानवलचा रेल्वेपूल ६४ मीटर उंच आहे. त्या प्रमाणात तो जवळजवळ दीड मीटर, म्हणजे दीडशे ठोकळ्यांवर जाईल. इतके ठोकळे एका खांबाला कुणाकडे असतात? मग एक ठोकळा म्हणजे दोन मीटर धरा, ३२ ठोकळ्यांत काम होतं. दोनच खांब आणि वरचा एक गाळा करायचा. आगगाडी चंद्रावरची करायची की कोकण रेल्वेची, ते मुलांवर सोडा.

पाणबुडी बादलीत करा. ठोकळ्यांचा सांगाडा बांधून आत घट्ट झाकणाची औषधाची रिकामी बाटली बसवायची. ती तरंगते. बाटलीत थोडं थोडं पाणी भरत गेलं की एका क्षणी बुडते. खऱ्या पाणबुडीच्या टाक्या हेच करतात. तिरकी बुडते का? मग बाटली मधोमध नाही.

मोडणं आणि भांडणं

एक फळी किंवा कपाटाचा एक खण "अभय" म्हणून ठेवा. तिथे ठेवलेलं बांधकाम आठवडाभर कुणी मोडायचं नाही. बाकी सगळं मोडलं जाणार, हे सगळ्यांना माहीत हवं. दोन भावंडांचे ठोकळे एकत्र ठेवावेत, माणसं मात्र ज्याची त्याची. पाहुण्यांची मुलं येणार असतील तर अभयाचा खण वर हलवा. "ते लहान आहे, दे त्याला" असं म्हणून आपल्या मुलाची आठवड्याची मेहनत देऊन टाकू नका. मोठ्यांनी केलेला हा अन्याय मुलांच्या फार लक्षात राहतो.

आणि मुलीला गुलाबी खोका, मुलाला यानाचा, असं करू नका. आमच्या मोहिमांतली सगळी इंजिनं थोरलीनेच दुरुस्त केली आहेत.

मोठ्या मुलांसोबत

बाराव्या वर्षाच्या सुमारास बसून खेळणं कमी होतं. तेव्हा चित्रफीत करायला सुचवा. मोबाईल पुस्तकांच्या थप्पीत घट्ट रोवायचा, माणसाला किंचित हलवायचं, फोटो, पुन्हा किंचित, पुन्हा फोटो. सेकंदाला १२ फोटो धरले तर दहा सेकंदांना १२० लागतात. खिडकीचा उजेड घेऊ नका, ढग सरकले की चित्र लुकलुकतं. पडदे ओढून दिव्याखाली करा. जोडणारी ॲप फुकट मिळतात. आवाज मुलांचेच, आणि मालवणीत बोलणारा यंत्रमानव ऐकायला मिळाला तर त्याला पुस्तकी मराठी शिकवू नका.

लिहिणाऱ्या मुलाची कथा वाचताना पहिला प्रश्न शुद्धलेखनाचा नको. "हे यंत्र दुसऱ्यांदा वापरलं तर काय होईल?" हा प्रश्न विचारा. उत्तर आलं तर कथा पक्की. नाही आलं तर तो भाग ठोकळ्यांत बांधून बघायला सांगा. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेते, त्यांच्या सूचनांवर लक्ष ठेवावं.

आणि एक दिवस मूल म्हणेल, हे आता कुणालातरी देऊया. घाईने देऊ नका, सहा महिने डबा माळ्यावर ठेवा. पुष्कळदा तो परत उतरतो. खरंच द्यायचे झाले तर धुऊन, वाळवून, तडा गेलेले तुकडे काढून, प्रकाराप्रमाणे चार डब्यांत भरून द्या. वाडीतली शाळा, वाचनालय किंवा अंगणवाडी, पण अंगणवाडीला फक्त मोठे ठोकळे. सोबत संकटांच्या चिठ्ठ्यांचा डबा आणि नोंदवहीच्या काही पानांच्या झेरॉक्स प्रती घालाव्यात. नोंदवहीची मूळ प्रत घरीच ठेवा.